पायांवरच्या कोळीशिरांचा उपचार: ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

रक्तवाहिन्यांच्या ओपीडीत बसून मी जे प्रश्न रोज ऐकते, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न बायकांचे आहेत. पुरुषही येतात, पण उशिरा, बहुधा घोट्याजवळची कातडी काळी पडल्यावर. समोर बसलेल्या माणसाला जशी उत्तरं देते तशीच लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे: जाळं पुसण्याआधी त्याला रक्त कुठून येतंय ते पाहिलं पाहिजे.

कोळीशीर म्हणजे नेमकं काय?

कातडीच्या अगदी वरच्या थरात केसासारख्या बारीक शिरा असतात. त्या रुंदावल्या की लाल, जांभळ्या किंवा निळ्या रेषा दिसू लागतात. कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या, कधी झाडाच्या फांद्यांसारख्या, कधी नुसती एखादी वळवळती रेघ. जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी. त्यांच्याखाली बऱ्याचदा हिरवट-निळ्या, १ ते ३ मिलिमीटर जाडीच्या शिरा असतात. त्या हाताला लागत नाहीत, पण चांगल्या उजेडात दिसतात. ३ मिलिमीटरच्या पुढे फुगलेली, वेडीवाकडी, उभं राहिल्यावर बोटाला लागणारी शीर असेल तर ती व्हेरिकोज व्हेन. रुग्ण याला 'निळं जाळं', 'शिरा उमटल्यात' किंवा सरळ 'स्पायडर व्हेन्स' म्हणतात. मी कोळीशिरा म्हणते.

मलाच का झाल्या?

आईचे किंवा मावशीचे पाय आठवा, असं मी आधी सांगते. बहुतेकींना तिथेच उत्तर मिळतं, कारण हे घराण्यातून येतं. त्यात गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या, वाढतं वय, वाढतं वजन आणि तासन्‌तास उभं राहण्याचं काम यांची भर पडते. शिक्षिका, नर्स, पार्लरमध्ये काम करणाऱ्या, वाहतूक पोलीस, एसटीचे कंडक्टर, ओट्याशी सकाळ-संध्याकाळ उभ्या असणाऱ्या गृहिणी, अशी आमची रांग असते. 'पायावर पाय टाकून बसते म्हणून झालं का?' असंही विचारतात. तसा भक्कम पुरावा नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

हे धोक्याचं आहे का?

जाळं स्वतः धोक्याचं नाही. त्याचा कॅन्सर होत नाही, त्यातून गुठळी हृदयाकडे जात नाही. काहींना त्या जागी जळजळ, खाज किंवा संध्याकाळी ठणका जाणवतो, काहींना काहीच जाणवत नाही.

पण जाळं कधी कधी पाटीसारखं असतं: आत बिघाड आहे, असं सांगणारी. पायातलं रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये झडपा असतात. मोठ्या शिरेची झडप नीट मिटेनाशी झाली की उभं राहिल्यावर रक्त खाली परततं, खालच्या शिरांवर दाब येतो आणि शेवटी तो कातडीतल्या बारीक शिरांपर्यंत पोचतो. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखं पसरलेलं निळं जाळं दिसलं की मी सावध होते. त्याच्या जोडीला संध्याकाळी सूज, सॉक्सचा वळ उमटणं, रात्री पोटऱ्यांत गोळे येणं, घोट्याजवळ कातडी तपकिरी होणं किंवा खाजणं असेल, पूर्वी पायात गुठळी झालेली असेल किंवा शीर फुगलेली दिसत असेल, तर आधी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी तपासणी, करायची. मांडीवर चार बारीक लाल रेघा आणि दुसरा काहीच त्रास नाही, अशा तरुण मुलीला मी उगाच तपासणीला पाठवत नाही.

डॉपलर उभं राहून केलेला असावा. आडवं झोपवून केला तर उलटा प्रवाह नीट कळत नाही. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त किती वेळ मागे येतं ते मोजतात; वरवरच्या शिरांत ते अर्ध्या सेकंदाहून जास्त असेल तर झडप बिघडली असं धरतात.

शेतकरी कुटुंबातले रुग्ण असले की समजावायला मला एकच उदाहरण पुरतं. पाटाचं दार उघडं ठेवून वाफ्यातलं पाणी तांब्याने उपसत बसलात, तर वाफा कोरडा होईल का? दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या. दुसरीकडे दोन वेळा इंजेक्शनं घेऊन झाली होती आणि दोन्ही वेळा सहा महिन्यांत जाळं परत आलं होतं. डॉपलर कुणी केलाच नव्हता. केला तेव्हा मांडीतल्या मोठ्या शिरेची झडप गेलेली निघाली. आधी तिचा उपचार झाला आणि मगच जाळ्याची इंजेक्शनं लागू पडली. पैसे गेले त्यापेक्षा, 'माझ्या पायांना काही इलाजच नाही' असं मनाने घेऊन त्या वर्षभर गप्प बसल्या, याचं मला जास्त वाईट वाटलं.

इंजेक्शनने नस मेली तर पाय लुळा पडेल का?

हा प्रश्न विचारताना माणसं खरंच घाबरलेली असतात, आणि हा घोळ आपल्या 'नस' या शब्दाने केला आहे. मान अवघडली तरी नस, कंबरेतून पायात कळ गेली की 'नस दबली', आणि पायावरची निळी रेघ तीही नसच. पाय हलवणारे आणि संवेदना पोचवणारे ते मज्जातंतू. रक्त वाहून नेते ती शीर. आपण औषध देतो ते कातडीतल्या बारीक शिरेत. पाय लुळा पडण्याशी तिचा काहीएक संबंध नाही.

मग ती शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?

पायातलं सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या, खोल शिरांमधून वर जातं. कातडीतल्या या बारीक शिरा मुळात कामातून गेलेल्या असतात. त्या बंद झाल्या की रक्त शेजारच्या चांगल्या वाटेने जातं.

साडीत झाकलं जातं, मग कशाला करायचं?

हा प्रश्न रुग्ण फारसा विचारत नाही, तिच्यासोबत आलेलं माणूस विचारतं. माझं मत स्पष्ट आहे. आतला बिघाड नसेल तर उपचार केलाच पाहिजे असं नाही, आणि नाही केला म्हणून काही बिघडणार नाही. पण एखादीला आपले पाय पाहून रोज वाईट वाटत असेल, पोहायला जायचं ती टाळत असेल, तर तेवढं कारण पुरे आहे. ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांना मी कधीच आग्रह करत नाही.

इंजेक्शनात असतं काय?

या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, शिरेच्या भिंती आतून चिकटतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर ती शीर हळूहळू विरघळवून टाकतं. आपल्याकडे दोन औषधं जास्त वापरतात: पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. कोळीशिरांना ती फार सौम्य लागतात; पॉलिडोकॅनॉल साधारण पाव ते अर्धा टक्का, टेट्राडेसिल त्याहूनही कमी. बारीक शिरेला तीव्र औषध दिलं की फायदा वाढत नाही, डाग आणि जखमा वाढतात. काही ठिकाणी तीव्र मिठाचं पाणी वापरतात. त्याची ॲलर्जी होत नाही, पण आग फार होते आणि थेंब शिरेबाहेर गेला तर कातडीला जखम होऊ शकते. पॉलिडोकॅनॉल मुळात भूल देण्यासाठी शोधलेलं औषध, त्यामुळे त्याने दुखतं कमी.

औषधाचा फेस करूनही देतात. दोन सिरिंजा आणि मधे तीन तोंडांची तोटी लावून औषधात हवा घुसळायची, ही पद्धत इटलीतल्या टेसारी या डॉक्टरांनी रूढ केली. फेस जाड शिरांना चांगला. अगदी बारीक जाळ्याला मी पातळ औषधच देते.

त्या दिवशी नेमकं काय होतं?

आधी उभं करून दोन्ही पायांचे फोटो काढतो. हे टाळू नका. दोन महिन्यांनी 'काहीच फरक नाही' असं वाटतं तेव्हा जुना फोटो समोर ठेवला की चेहरा बदलतो. मग पेनने खुणा करतो, तुम्हाला आडवं करतो आणि स्पिरिटने पुसून भिंगातून शिरा पाहतो.

सुई ३० नंबरची, म्हणजे इन्सुलिनच्या सुईएवढी बारीक. ती थोडी वाकवून कातडीला जवळजवळ समांतर धरायची आणि औषध हळू सोडायचं. बरोबर शिरेत गेलं तर डोळ्यांदेखत निळी रेघ पांढरी होते, जणू खोडरबर फिरवलं. रुग्ण मान उंच करून हे बघतात आणि 'गेली!' म्हणतात. गेलेली नसते, आतलं रक्त तेवढं पुढे ढकललं जातं आणि मिनिटाभरात ती जागा लाल होऊन परत दिसू लागते. थोड्याच वेळात तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. ती दिसली की औषध आपलं काम करतंय असं समजायचं.

आधी मी खालच्या हिरवट-निळ्या, जाळ्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा घेते, त्यानंतर वरचं जाळं. एका बैठकीत १० ते ३० टोचण्या होतात, अर्धा-पाऊण तास लागतो. एका दिवशी किती औषध द्यायचं याला मर्यादा असते. पॉलिडोकॅनॉलसाठी ती वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम आहे. म्हणून 'एकदाच येऊन दोन्ही पाय उरकून टाका' हे जाळं खूप असेल तर जमत नाही. शेवटी कापूस, पट्टी, मोजा, आणि लगेच २० मिनिटं चालणं. भूल नाही, दाखल होणं नाही. पोट रिकामं ठेवून येऊ नका, चक्कर येते.

किती दुखतं?

मुंगी चावल्याएवढं. घोट्याजवळ आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला थोडं जास्त. एखाद्या वेळी पोटरीत मिनिटभर गोळा येतो आणि आपोआप उतरतो. इंजेक्शन देताना एका जागी असह्य आग झाली तर दात-ओठ खाऊन सहन करू नका, तत्क्षणी सांगा. औषध शिरेबाहेर जात असेल तर मला थांबता येतं.

लेझर का नाही करत?

पायांच्या शिरांसाठी इंजेक्शन हाच पहिला पर्याय, आणि आपल्या सावळ्या कातडीसाठी तर जास्तच. लेझरचा प्रकाश रक्तातल्या रंगाने शोषला जावा अशी अपेक्षा असते, पण कातडीला रंग देणारं मेलॅनिनही तो शोषतं. गव्हाळ किंवा सावळा वर्ण असेल तर त्यामुळे भाजण्याची आणि काळा-पांढरा डाग पडण्याची भीती वाढते. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तो दुखतो आणि हात सरावलेला लागतो. सुई आत शिरणार नाही इतकी बारीक जाळी, औषधाची ॲलर्जी किंवा सुईची जबर भीती असेल तर मी लेझरचा विचार करते. गोऱ्या युरोपीय कातडीवरचे आधीचे-नंतरचे फोटो पाहून निर्णय घेऊ नका. तुमच्यासारख्या वर्णाच्या रुग्णांचे फोटो मागा.

किती बैठका लागतील, आणि फरक कधी दिसेल?

एका बैठकीत, जिथे औषध दिलं तिथलं निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत जाळं फिकं होतं. बहुतेकींना एका भागासाठी २ ते ४ बैठका लागतात, मधे किमान ४ ते ६ आठवडे सोडून. बारीक रेषांचा निकाल ३ ते ६ आठवड्यांत कळतो, जाडसर निळ्या शिरांना ३-४ महिने लागू शकतात.

पहिले पंधरा दिवस पाय आधीपेक्षा वाईट दिसतो. हे मी तीन-तीनदा सांगते, तरी आठव्या दिवशी फोन येतोच. लालसरपणा, खाज, मुका मार लागल्यासारखे हिरवे-पिवळे डाग आणि जिथे पूर्वी निळी रेघ होती तिथे गडद चॉकलेटी रेघ. घरातली माणसं 'पैसे देऊन हे करून आलीस?' म्हणतात. लग्न पंधरा दिवसांवर आलं म्हणून कुणी आलं तर मी सरळ परत पाठवते. कार्यक्रम असेल तर तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

कधी कधी बंद झालेल्या शिरेत जुनं रक्त साकळून राहतं. हाताला दाण्यासारखं लागतं, दुखतं. ते दोन-तीन आठवड्यांनी बारीक सुईने टोचून काढून टाकलं तर दुखणंही थांबतं आणि डागही कमी पडतो. हे घरी करू नका.

आणि अपेक्षेबद्दल खरं तेच सांगते. विशीतला पाय परत मिळत नाही. जाळं फिकं होतं, चारचौघांत लक्ष जाणार नाही इतकं होतं. बारकाईने शोधलं तर काहीतरी दिसेलच.

डाग राहतात का?

तपकिरी डाग दर १० जणांत साधारण १ ते ३ जणांना पडतात. शिरेतून बाहेर झिरपलेल्या रक्तातलं लोह कातडीत साठतं, त्याचा हा रंग. त्यामुळे गोरं करणाऱ्या क्रीमने तो जात नाही. शरीर ते लोह हळूहळू उचलतं. बहुतेक डाग ६ ते १२ महिन्यांत जातात, थोड्यांचे त्याहून जास्त टिकतात. मुरुमांसाठी मिनोसायक्लिन घेत असाल तर आधी सांगा, त्याने डागांची शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट म्हणजे उपचाराच्या जागेभोवती नवीन, अतिशय बारीक लाल जाळी उगवणं. दिसायला लाली पसरल्यासारखी. ती बऱ्याचदा काही महिन्यांत आपली आपण विरते. विरली नाही तर खालची रक्त पुरवणारी शीर राहून गेली आहे का, ते शोधावं लागतं. घाईघाईने त्या लालीवरच परत इंजेक्शनं मारू नयेत.

मोजे घालावेच लागतात का?

हो. डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण १ ते ३ आठवडे, दिवसा. साधारण २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देणारे, पायाचं माप घेऊन घेतलेले. घोटा आणि पोटरी सकाळी मोजून माप द्या, संध्याकाळी सूज धरून नको. मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेट असेल, चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर आधी पावलाची नाडी तपासून घ्यायची. पायाकडे येणारं रक्त कमी असेल तर घट्ट मोजा इजा करतो.

एप्रिल-मेच्या उन्हात, विदर्भ-मराठवाड्यात, हे मोजे दिवसभर घालणं ही शिक्षाच आहे. म्हणून मी दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत उरकते. ऊनही तेव्हा कमी असतं, डागांच्या दृष्टीने तेही बरं.

घालायची रीत शिकून घ्या. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाय खाली सोडण्याआधी. हातात भांडी घासायचे रबरी मोजे घातले की कापडावर पकड येते. टाचेपर्यंत मोजा उलटा करायचा, पाऊल आत घालायचं, मग थोडा थोडा वर घ्यायचा. गुडघ्यामागे घडी राहू द्यायची नाही, ती दोरीसारखी रुतते. आणि जोडवी! जोडव्यांत अडकून नवाकोरा मोजा पहिल्याच दिवशी फाटलेला मी कितीदा पाहिला आहे. जोडवी काढायची नसतील तर बोटं उघडी राहणारा मोजा मागा, मिळतो. पैंजण मात्र तेवढे दिवस काढून ठेवा.

नंतर काय पाळायचं?

रोज ३०-४० मिनिटं चाला. कामावर दुसऱ्या दिवशी जाता येतं. फार वेळ एका जागी उभं राहायचं किंवा बसायचं असेल तर मधूनमधून टाचा उचला, पोटरी हाच पायातला पंप आहे. एक-दोन आठवडे जिममध्ये वजनं, झुंबा, धावणं बंद. कढत पाण्याची अंघोळ, शेक, वाफ बंद. अंगाला तेल लावून जोरात रगडणं महिनाभर नको, मालिशवालीलाही तसं सांगा. इंजेक्शनच्या जागी ऊन लागू देऊ नका.

आषाढी वारीला जाणाऱ्या एक आजी विचारत होत्या. चालायला काहीच हरकत नाही, उलट चांगलं. फक्त शेवटची बैठक निघण्याच्या महिना-दीड महिना आधी झालेली असावी, कारण वाटेत ऊन, पाऊस, ओले मोजे आणि दुखलं तर दाखवायला ओळखीचा डॉक्टर नाही. परदेशातून डिसेंबरच्या सुट्टीत येणाऱ्यांनाही हेच. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात या. इंजेक्शन घेऊन चार दिवसांत लांबच्या विमानात बसणं मला मान्य नाही. मधे दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या.

गंभीर काही होऊ शकतं का?

क्वचित, पण माहीत असलेलं बरं. औषधाची तीव्र ॲलर्जी, खोल शिरेत गुठळी, औषध चुकीच्या जागी गेल्याने कातडीला जखम. फेसाच्या औषधाने काहींना थोडा वेळ डोळ्यांपुढे काजवे किंवा डोकेदुखी होते, विशेषतः अर्धशिशी असलेल्यांना.

एका पोटरीत अचानक सूज आणि दुखणं, किंवा इंजेक्शनच्या जागी कातडी पांढरी-काळी पडून ठणकणं, या दोन्हीत त्याच दिवशी दाखवा. धाप लागणं, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, नजर जाणं, अंगभर गांधी उठून घसा आवळणं, यापैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा. आमच्या ओपीडीची वेळ पाहत बसू नका.

गरोदर असताना किंवा अंगावर पाजत असताना करता येईल?

नाही. गरोदरपणात उमटलेलं बरंचसं जाळं बाळंतपणानंतर ३ ते ६ महिन्यांत आपोआप फिकं होतं, तेवढी वाट पाहणं शहाणपणाचं. पुढचं मूल लवकर हवं असेल तर ते झाल्यावर करा. शिवाय सध्या पायात गुठळी असेल, औषधाची ॲलर्जी असेल, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल किंवा त्या जागी कातडीला जंतुसंसर्ग असेल तर हा उपचार करत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

परत येतात का?

बंद झालेली शीर सहसा परत उघडत नाही. पण शिरा रुंदावण्याचा स्वभाव तुमच्यात आहे तो आहेच, वर्षांनुवर्षांत नव्या उमटतात. काही जणी दोन-तीन वर्षांनी एखादी बैठक घ्यायला येतात. डोंबिवलीहून रोज लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्या बाईला मी काय काम सोडायला सांगणार? चालणं, वजन आणि उभं राहण्याच्या दिवशी मोजे, एवढं तिच्या हातात असतं.

मलम, गोळ्या, जळू, व्हिनेगर?

मलमाने शीर जात नाही, कुठल्याही. डायोस्मिनसारख्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज कमी वाटू शकते, रेघ मात्र तशीच राहते. व्हिनेगर चोळल्याने कातडी जळते. जळू लावल्याने हे जाळं कायमचं गेलेलं मी पाहिलेलं नाही, आणि जिथे आधीच कातडी नाजूक आहे तिथे जखम करून घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगते.

चेहऱ्यावर आणि छातीवरही तसंच जाळं आहे, तेही इंजेक्शनने जाईल?

चेहऱ्यावर आम्ही सहसा इंजेक्शन देत नाही. तिथे त्वचारोगतज्ज्ञ लेझर वापरतात. छाती, खांदे, गळा यांवर मधे लाल ठिपका आणि भोवती पाय फुटल्यासारख्या रेषा असे अनेक डाग आले, मधला ठिपका दाबला की विरतात आणि सोडला की मधूनच परत भरतात, तर लिव्हरची तपासणी करून घ्या. गरोदरपणात असे डाग दिसू शकतात, पण दारू पिणाऱ्या माणसात ते दिसले तर थांबू नका.

अंघोळ करताना घोट्यातून रक्ताची चिळकांडी उडाली, काय करायचं?

हे होतं, आणि वयस्कर बायकांत जास्त. घोट्याजवळचं जांभळं, फुगीर, टरारलेलं जाळं. त्यात कढत पाणी, आणि वजरीने टाच घासताना लागलेला एक धक्का. दुखत नाही, म्हणून पहिल्यांदा कळतही नाही. मोरीतलं पाणी लाल झालं की कळतं. माणूस घाबरून उभा राहतो, धावतो, आणि रक्त वाढतं.

तिथेच आडवं व्हा. पाय भिंतीवर किंवा बादलीवर उंच ठेवा, स्वच्छ कापडाने त्या जागेवर बोट ठेवून १० मिनिटं न सोडता दाबा. मधे उघडून बघू नका. वर मांडीला दोरी आवळू नका, त्याने शिरेतलं रक्त अडतं आणि आणखी वाहतं. हळद-कॉफीची पूड भरू नका. एकदा असं झालं की ते परत होतं, म्हणून त्याच आठवड्यात दाखवा. घरात म्हातारं माणूस असेल आणि घोट्याला असं जाळं असेल तर हे आजच समजावून ठेवा. मोरीत एकटं असताना पायाने रक्त जाऊन माणूस दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

खर्च आणि विमा?

शहर, बैठका आणि औषध यांवर खर्च फार बदलतो. सांगितलेला आकडा एका बैठकीचा की एका पायाचा, त्यात डॉपलर आणि मोजे धरलेत का, हे लिहून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठीचा उपचार बहुतेक विमा पॉलिसींत बसत नाही. डॉपलरवर मोठ्या शिरेची झडप बिघडलेली निघाली तर ते वेगळं प्रकरण. रिपोर्ट घेऊन विमा कंपनीला आधी विचारा. 'आजच पाच बैठकांचं पॅकेज घेतलं तर सूट' असं कुणी म्हणालं, आणि पाय उभं करून पाहिलाही नसेल, तर मी तिथून उठेन.

कुणाकडे जायचं?

व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन), हे काम शिकलेले त्वचारोगतज्ज्ञ किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (सोनोग्राफी, एक्स-रेवर पाहत सुईने उपचार करणारे डॉक्टर). पार्लरमध्ये नाही. औषधाचं नाव आणि टक्केवारी विचारा. ॲलर्जी झाली तर लागणारी औषधं, ॲड्रेनालिनसकट, त्या खोलीत आहेत का, हेही विचारा. असं विचारणं हा उद्धटपणा नाही. नीट डॉक्टर लगेच उत्तर देतो.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि पूर्वी इंजेक्शनं घेतली असतील तर त्याचे कागद. सोबत एक सैल हाफ पँट किंवा परकर, कारण पाय मांडीपर्यंत आणि उभं करूनच बघावा लागतो. शक्यतो दुपारनंतर या, दिवसभर उभं राहिलेला पाय खरं काय ते दाखवतो. आणि त्या दिवशी पायाला तेल किंवा क्रीम लावू नका, पेनची खूण उमटत नाही.